चौथी उशी

"झोपताना किती उशा घेता?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि थोरलीने घाईघाईने एक बोट वर केलं.

"एकच. एकच हो बाई."

धाकटीने चमकून जावेकडे पाहिलं. दोघी एका घरात नांदलेल्या, उशांच्या एकाच कारखान्यात समोरासमोर बसून कापूस भरणाऱ्या. शिवण बिघडलेली उशी तिथे बाजूला पडायची. वर्षाला त्यातली एक घरी न्यायची मुभा होती. दुसरी नेताना सापडलं की मुकादम वहीत नाव लिहायचा, आणि काम जायचं. थोरलीने या एका वर्षात चार नेल्या होत्या. एक दिवस खोळ, दुसऱ्या दिवशी तिच्यातला कापूस.

दम लागायला लागला तसं ज्याने त्याने आपापलं निदान तिच्या गळ्यात बांधलं होतं. मुकादम म्हणाला, कापूस छातीत बसलाय, सगळ्यांच्याच बसतो. तिच्या नवऱ्याने हातातला कपही खाली न ठेवता सांगितलं, वजन कमी कर. नाक्यावरच्या औषधवाल्याने खोकल्याची बाटली दिली. थोरली सगळ्यांना हसून मान डोलवायची.

"श्वासच तो... पाहुणा आहे... फार वेळ बसत नाही."

आज दवाखान्याच्या बारा पायऱ्या चढायला ती तीनदा थांबली होती.

"एक ना? मग धुळीचाच दम असेल." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "औषध देते. पंधरा दिवसांनी या."

"चार," धाकटी म्हणाली.

पेन थांबलं.

"चार घेतात जाऊबाई. आडवं पडलं की घुसमटतात, म्हणून बसल्या बसल्या झोपतात. घरात सगळ्यांना दिसतं, पण बघत कोणी नाही. आणि त्या उशा आल्या कुठून, ते ज्याला विचारायचंय त्याने मला विचारावं."

"गप गं. तुझंही... काम जाईल."

"गेलं तर गेलं. तुमच्या छातीपेक्षा मोठी आहे का त्याची वही?"

डॉक्टरीणबाई उठून खाली वाकल्या. थोरलीच्या घोट्यावर त्यांनी अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला, कमी भरलेल्या उशीत राहतो तसा. मग बराच वेळ त्यांनी पाठीला नळी लावून ऐकलं.

"हे धुळीचं दिसत नाही. हृदय दमलंय, छातीत पाणी साठतंय. आडवं झोपवेना, त्याच दिवशी यायला हवं होतं. आता घरी जायचं नाही."

त्यांनी कागदावर चारचा आकडा काढला आणि त्याला गोल केला. थोरलीने त्यांचं मनगट धरलं.

"बाई... ते तेवढं लिहू नका."

"तेच तर लिहायचंय. त्यावरूनच कळलं."

धाकटीने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि आपल्या मुठीत घेतली. दुसऱ्या हाताने पिशवीच्या तळातून घडी घातलेली रिकामी खोळ काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"ही पाचवी," ती म्हणाली. "कापूस उद्या आणणार होते."