वरूनच नमस्कार

मा. सेक्रेटरी यांस,
लॉजमधील सदस्यत्वासाठी केलेला माझा अर्ज मी मागे घेत आहे. कारण

इथं थांबलो. चार दिवस इथंच थांबतोय.

कारण : तब्येत.

खोटं. फाडलं.

कारण : घरगुती.

खोटं नाही. पण हे वाचून यज्ञेश्वर वकील दाक्षायणीला फोन करतील, आणि दाक्षायणी फोनवर खोटं बोलत नाही. फाडलं.

आधी सगळं लिहून काढतो. मग त्यातून एक ओळ निघते का बघू.

मी अमरेश. वय एक्कावन्न. सोलापुरात पाण्याच्या मोटारींचं दुकान. उजनीकाठचे केळीवाले माझं गिऱ्हाईक. बायको दाक्षायणी. मला ओळखणारी हजार माणसं असतील, पण प्रत्येक जण एक तर गिऱ्हाईक, नाही तर पाहुणा. म्हणून फ्रीमेसन व्हायचं होतं. ही जुनी बंधुसंघटना, तिच्या शाखेला लॉज म्हणतात. यज्ञेश्वर वकील तिथले जुने. सकाळी फिरताना सांगायचे, की आमच्याकडे डोळ्यांचा डॉक्टर, हार्डवेअरवाला बोहरी, निवृत्त हेडमास्तर एका रांगेत बसतात, एकमेकांना बंधू म्हणतात, आणि आत धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर बोलायचं नाही असा नियम आहे. सोलापुरात हे दोन विषय सोडून माणसं काय बोलत असतील, हे मला ऐकायचं होतं. ते आपणहून कुणाला बोलावत नाहीत, आपणच विचारावं लागतं. मी दोन वर्षं विचारत होतो.

मेहुणा म्हणाला, “दाजी, स्वतःचं घर असताना लॉजवर कशाला?” दाक्षायणीसुद्धा हसली होती.

अट एकच, वकील म्हणाले. नास्तिक घेत नाहीत. कुठला देव ते विचारत नाहीत. मानता का, एवढंच विचारतात.

मी शर्टाचं बटण काढलं. दोरा ओढून डबी बाहेर काढली. म्हणालो, “लिंगायताला हा प्रश्न? जन्मल्यापासून गळ्यात हाय की.”

ते म्हणाले, मग तुझं काम झालंच.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्यात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याला लिंग बांधतात. काळं, गुळगुळीत, मोठ्या सुपारीएवढं. चांदीच्या डबीत घालून छातीवर. रोज अंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, परत ठेवायचं. ज्याचं त्यानंच करायचं. अंगावेगळं करायचं नाही. माणूस गेला तरी ते त्याच्याबरोबर जातं.)

रोज उघडायची, असं आत्ता लिहिलं. मी काय करायचो तेही लिहितो. अंघोळ झाली की डबी कपाळाला लावायची, डोळे मिटायचे, मनात दहा आकडे. झालं. उघडायची नाही. वरूनच नमस्कार. साडेनऊला दुकान.

*

नियमाप्रमाणे तिघे घरी आले. घर बघतात, बायकोला विचारतात. एक वकील, एक डॉक्टर, आणि एक आमच्यातलेच चनबसप्पा. वय ऐंशीच्या पुढं, आडत दुकान मुलांवर सोपवलेले, तीस वर्षांपूर्वी लॉजमध्ये गेलेले. दाक्षायणीनं पोहे दिले. वकिलांनी तिला विचारलं, वहिनी, तुमची काही हरकत?

ती म्हणाली, हरकत नाही.

मग म्हणाली, “तो देवाचा प्रश्न तेवढा ह्यांना एकटं बसवून विचारा. माझ्यासमोर नको.”

सगळे हसले. मीही. चनबसप्पा हसले नाहीत. पण त्यांना कमी ऐकू येतं.

*

रविवार, दुपारी चार.

हॉलच्या बाहेर एक छोटी खोली आहे. आत जाण्याआधी अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू तिथं काढून ठेवायची. घड्याळ, अंगठी, पट्टा, किल्ल्या. का, ते नंतर कळतं म्हणाले. मी एकेक ट्रेमध्ये ठेवलं. मग हात गळ्यावर गेला आणि थांबला. डबी चांदीची.

चनबसप्पांनी हे आधीच ओळखलं होतं. धुऊन घडी घातलेलं पांढरं फडकं त्यांनी घरून आणलं होतं. म्हणाले, माझ्या वेळी मी असंच केलं, आमच्या माणसाला हे आमच्याच माणसानं सांगायला पाहिजे. चांदी ट्रेमध्ये राहील. लिंग फडक्यात बांधून गळ्यात. अंगावेगळं होणार नाही, नियमही मोडणार नाही.

मला त्यांचं फार बरं वाटलं. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

झाकण अडकलं होतं. नखानं निघेना. दाताजवळ नेलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला, स्वतः घेतली, अंगठ्यानं दाबून फिरवली. उघडली.

कापूस.

नुसता कापूस. राखाडी, चपटा. त्यांनी तो बोटानं उचलला. खाली चांदीचा तळ.

ते खाली बसले. स्टूल होतं म्हणून बरं. माझ्याशी ते नेहमी मराठीत बोलतात. आता बोलले ते कानडीत.

“लिंगा एल्लि?”

लिंग कुठंय.

मी डबीत बघितलं. कापूस उलटा केला. ट्रेमध्ये बघितलं, किल्ल्या हलवून. खिशात बघितलं. खिशात! एक्कावन्न वर्षांचा माणूस पँटच्या खिशात लिंग शोधतोय.

शेवटची कधी उघडली होतीस, त्यांनी विचारलं. मला आठवेना. आठवत नाही हे सांगितलं. त्यांनी फडक्याची घडी पुन्हा होती तशी घातली. फार सावकाश.

उशीर का होतोय म्हणून वकील बाहेर आले. चनबसप्पा म्हणाले, ह्यांनाच विचारा. मी उघडी डबी दाखवली. वकील ते वकीलच. म्हणाले, अमरेश, डबीबद्दल आमचा नियम नाही. मानण्याबद्दल आहे. सगळे आत थांबलेत. तू हो म्हण, आपण आत जाऊ.

म्हटलं, विचारा.

“ईश्वर मानता?”

हो म्हणायचं होतं. सोपं होतं. दोन वर्षांपूर्वी म्हणालो होतो, घरी तिघांसमोर म्हणालो होतो. पण दोन्ही वेळा आधी हात गळ्यावर गेला होता आणि मग तोंड उघडलं होतं. आताही हात गेला. तिथं बनियन. हात तिथंच राहिला, आणि तोंडातून काही येईना. आत काही आहे का ते बघायला मी खरंच, अगदी खरंच, थोडा वेळ थांबलो.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

वकिलांनी चष्मा काढला. हे उत्तर घेऊन तुला आत नेता येणार नाही, म्हणाले. रागानं नाही. मग पट्टा माझ्या हातात दिला.

*

कारण : माझ्या डबीत

फाडलं.

*

दाक्षायणी भाजी निवडत होती. मी डबी उघडून ताटात ठेवली. तिनं डबीकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

“आज उघडली व्हय,” ती म्हणाली.

बाकीचं तिनं भाजी निवडतच सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यानं माझं घड्याळ आणि डबी पिशवीत घालून तिच्याकडे दिली. मी भूल उतरून झोपलेला. तिनं पूजेसाठी डबी उघडली. लिंगाला मळाचा थर. आणि खाली एक मुंगी, कधीची मेलेली. तिनं दवाखान्याच्या बेसिनवर लिंग धुतलं, पदरात बांधलं, आणि रिकाम्या डबीत कापूस घालून मला परत दिली. वाटलं, हा घरी गेल्यावर उघडेल, घाबरेल, विचारेल. तेव्हा द्यायचं, आणि चार शब्द बोलायचे.

आठवडा वाट बघितली. महिना बघितली.

“पुढं वाट बघायची सवयच झाली,” ती म्हणाली.

नऊ वर्षं ती पहाटे मी उठायच्या आत दोन लिंगांची पूजा करत होती. स्वतःचं आणि माझं. दुसऱ्याचं लिंग पुजायचं नसतं हे तिला माहीत होतं. कुणाला विचारलं नाही. पाप असलं तर आपल्याला लागू दे, म्हणाली, पण मुंग्यांत कसं ठेवायचं?

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस.

“सांगितलं असतं तर तुमी चार दिवस उघडली असती. माझ्या भीतीनं. मला माझी भीती नको होती की.”

मी डावा हात पुढं केला. दे म्हणालो.

“कशाला? पुढच्या रविवारी आत जायला?”

हात मागं घेतला. चांदी जड असते, आतलं गेलेलं कळत नाही, असं काहीतरी मी म्हणालो. नऊ वर्षं रोज सकाळी ती मला कापसाला नमस्कार करताना बघत होती. समोर, चहाचा कप घेऊन.

*

आज पहाटे उठलो. पाचला. ती पाटावर बसली होती. मला बघून दचकली, पण सरकून जागा दिली. दोन्ही लिंगं तिनं धुतली, पुसली, विभूती लावली आणि डाव्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही काळी. दोन्ही गुळगुळीत.

मी विचारलं, माझं कुठलं?

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हसेल. तिच्या तोंडावर जे आलं ते मी लग्नानंतर एकदाच बघितलं होतं, तिचे वडील गेल्याचा निरोप मी सांगितला तेव्हा.

“एन्री,” ती म्हणाली. अहो. एवढंच.

मी दोन्हीकडे पुन्हा बघितलं. नीट बघितलं. जन्मल्यापासून बेचाळीस वर्षं एक माझ्या छातीवर होतं. बोट उचललं, दोघांच्या मध्ये धरलं. डावीकडं न्यावं का उजवीकडं, कळेना. अंदाजानं नेता आलं असतं. निम्मी शक्यता होती. नेलं नाही.

तिनंही दाखवलं नाही.

मा. सेक्रेटरी यांस,
माझा अर्ज मी मागे घेत आहे. कारण : विचारलेल्या प्रश्नाचं मी तीनदा खोटं उत्तर दिलं होतं आणि ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं.

तीनदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा माहीत नाही म्हणालो, ते खरं होतं. दुरुस्त करून, सही करून, पाकिटात घातलं.