दोनदा थोपटलं

थंडीत आबांच्या जुन्या गाडीत हीटर लावल्याशिवाय पुढची काच साफ होत नाही. माझी लेक पूर्वी रोज सकाळी याच गाडीतून आजोबांबरोबर लोणी भापकरहून बारामतीला शाळेत जाते. त्या दिवशी मला रजा होती, म्हणून मीही पुढं बसले. आबांनी हीटर लावला आणि डॅशबोर्डच्या आतून कर्कश आवाज सुटला.

"आबा, केवढा हा आवाज! आग-बिग लागायची."

"कसला आवाज?" रस्ता सोडून आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. "जुनी गाडी हाय, कुरकुरायचीच."

मागून उसाचा ट्रक केव्हाचा हॉर्न देत होता. मागच्या सीटवरून पूर्वीनं त्यांचा खांदा दोनदा थोपटला, तेव्हा कुठं त्यांनी गाडी बाजूला घेतली. आजोबा-नातीचे लाड, असं मला वाटलं. मला धास्ती त्या आवाजाची. शाळा गेली खड्ड्यात म्हणत मी गाडी इंदापूर रस्त्याला मानसिंगच्या गॅरेजवर न्यायला लावली.

मानसिंगनं इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून हीटरचा पंखा लावला. आवाज होताच. पंख्याचा वेग वाढवला तसा तोही वाढला.

"इंजनाचं काय न्हाय ताई. पंखाच हाय."

डावीकडचा कप्पा काढून, तीन स्क्रू सोडून त्यानं पंखा बाहेर घेतला. पात्यांत ओंजळभर वाळका पाला होता. गाडी लिंबाखालीच उभी असते. पाला झाडून त्यानं पंखा परत लावून बघितला. खडखड गेली, पण मोटर किंचाळतच होती.

आबांनी खाली पडलेल्या पाल्याकडं बघून मान डोलावली. "बघ, कसा गप झाला!"

मानसिंग माझ्याकडं बघतच राहिला. मी पूर्वीला बाजूला घेतलं. "खांदा कशाला थोपटतेस गं आबांचा?"

"एकदा म्हणजे मोटरसायकल, दोनदा म्हणजे ट्रक. दिवाळीपासून. तुला सांगायचं न्हाय म्हणालेत."

आठ वर्षांचं माझं पोर रोज त्या उसाच्या वाहनांतून गाडी राखत होतं आणि मी घरी निवांत डबे भरत होते. राग यायला हवा होता. नुसती भीती वाटत होती.

मानसिंगनं मोटरच्या बुशात, तिचा दांडा फिरतो तिथं, तेलाचे दोन थेंब सोडले. पंखा खरंच गप झाला. आबा सवयीनं स्टेअरिंगवर बसले. मी दारात उभी राहून हात पुढं केला. आबांनी चावी काढून दिली आणि डावीकडं जाऊन बसले.

रस्त्याला लागलो तसा मागून हॉर्न वाजला. मला स्वच्छ ऐकू आला. पण त्याआधीच पूर्वीचा हात पुढं आला होता आणि तिनं आबांचा खांदा दोनदा थोपटला.

"ट्रक हाय मागं," आबा समोर बघत म्हणाले. "साईड दे."

मी दिली.