टचलाइनवरची दुभाषी

यान तांगीचं खेळणं संपलं, ही बातमी त्याला अनुराधाने सांगितली. तिचा फुटबॉलशी काडीचा संबंध नव्हता. तिचा नवरा राजीव एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सर्जनला पेशंटशी बोलायचं होतं, आणि या फ्रेंच खेळाडूला यस-नोच्या पलीकडे इंग्रजी येत नव्हतं. राजीवने घरी फोन लावला.

"अनु, तुझं फ्रेंच शाबूत आहे ना अजून? जरा ये."

पुण्यात वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवलेली बाई इथे आल्यापासून फ्लॅटमध्ये नुसती येरझाऱ्या घालत होती. ती निघालीच. सर्जन जे म्हणाला ते तिने जसंच्या तसं सांगितलं : चालता येईल, खेळता येणार नाही.

यान चौतीस वर्षांचा होता. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून निघून चार क्लब फिरून तो एडिनबराच्या लीथ भागातल्या लहानशा क्लबात बचावफळीत खेळायला आला होता. त्याने अनुराधाला विचारलं,

"जरा आडवळणाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही उद्या पळायला लागला असतात."

त्यावर तो हसला, पण तोंड भिंतीकडे वळवून.

त्या हिवाळ्यात क्लब ओळीने सामने हरला आणि मॅनेजरची गच्छंती झाली. यानचा करार जूनपर्यंत होता, म्हणून चेअरमनने त्यालाच कोच करून टाकलं आणि दुभाषी म्हणून अनुराधाला बोलावलं. राजीवला वाटलं, थंडीला कंटाळून महिन्याभरात ती हे सोडून देईल. तिने सोडलं नाही.

यानला एका जागी उभं राहणं जमतच नसे. लंगडत लंगडत तो मैदानाच्या कडेला टचलाइनवर पळायचा, कोचसाठी आखलेल्या चौकटीबाहेर जायचा, रेफरीची बोलणी खायचा. त्याच्या मागे अनुराधा. तो फ्रेंचमध्ये ओरडला की ती इंग्रजीत ओरडायची, वर्गात मागच्या बाकावर पोचेल अशा खणखणीत आवाजात. "टक इन, नंबर थ्री! टक इन!" म्हणजे आत सरक. स्टँडमधले म्हातारे हसायचे. पुढे पुढे तेही तिच्याबरोबर ओरडू लागले. शनिवारी घरी गेल्यावरही तिचे पाय ठरत नसत. मंगळवारी सराव असे आणि सोमवारपासूनच तिचा जीव तिकडे लागलेला असे.

संघाचा कॅप्टन होता गॉर्डन, पस्तिशी ओलांडलेला पोस्टमन. गुडघा गेल्यापासून यानला तोच सरावाला गाडीतून आणायचा आणि परत सोडायचा.

एप्रिलमधल्या शेवटच्या सामन्यात जिंकणं भाग होतं, नाहीतर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता. हाफटाइमला ते एका गोलने मागे होते. ड्रेसिंगरूममध्ये अनुराधा नेहमीसारखी दाराशी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सगळ्यांच्या अंगावर शर्ट चढल्याची आरोळी आली तेव्हा ती वळली. यान फ्रेंचमध्ये भराभरा बोलू लागला.

"गॉर्डनला सांगा, तुझे पाय संपलेत. त्यांच्या संघातलं ते लाल केसांचं पोरगं दर वेळी त्याच्या बाजूने निसटतंय. सांगा, बाहेर बस."

गॉर्डन बुटाची नाडी घट्ट करत होता. अनुराधा यानकडे वळली.

"मी नाही सांगणार."

"म्हणजे?"

"हे वाक्य तुमचं आहे. तुम्हीच सांगा."

"मला इंग्रजी येत नाही!"

"रोज त्याच्या गाडीत बसता ना? काहीतरी बोलतच असाल."

"बोलत नाही आम्ही. गाणी ऐकतो."

दोघांचं काय चाललंय ते कुणाला कळेना. खेळाडूंना मैदानावर बोलावणारी रेफरीची बेल वाजली. यानने तिच्याकडे असं पाहिलं, की आता हा आपल्याला कामावरून काढणार, असं तिला वाटलं. मग तो गॉर्डनसमोर गेला आणि दुखरा पाय लांब सोडून कसाबसा जमिनीवर बसला.

"गॉर्डन," तो म्हणाला. "यू... फिनिश." आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "लाइक मी. सॉरी."

गॉर्डनने नुकतीच बांधलेली नाडी सोडली, दंडावरची कॅप्टनची पट्टी उतरवली आणि यानच्या हातात दिली. मग त्यानेच यानला काखेत हात घालून उठवलं.

दुसऱ्या हाफमध्ये गॉर्डन कोट पांघरून अनुराधाशेजारी येऊन उभा राहिला.

"आधी तो फ्रेंचमध्ये काय म्हणाला? बरंच लांबलचक होतं."

ती म्हणाली, "हेच म्हणाला. फक्त त्यात एक लाल केसांचा मुलगा होता."

गॉर्डन मोठ्याने हसला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. "पोरगं पळतं मात्र वाऱ्यासारखं."

सामना बरोबरीत सुटला. ते पुरेसं नव्हतं आणि क्लब खाली गेला. चेअरमनने यानचा करार वाढवला नाही. मे महिन्यात यानला वेल्समधल्या कार्डिफच्या एका क्लबात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा कोच म्हणून काम मिळालं. बातमी सांगायला तो लीथमधल्या कॅफेत भेटला.

"तुम्हीही चला. आठवड्यातून दोन दिवस. विमानाचं मी बोलतो त्यांच्याशी."

अनुराधाला कबूल करायला लाज वाटली, पण तिने मनातल्या मनात बॅगही भरली. मग तिला ड्रेसिंगरूममध्ये जमिनीवर बसलेला यान आठवला.

"मी आले तर तुम्ही स्वतः इंग्रजीत कधीच बोलणार नाही," ती म्हणाली.

"वाईट बोलेन मी. मुलं हसतील."

"हसू देत."

तो चिडला. कॉफी तशीच टाकून उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला. इंग्रजीत काहीतरी म्हणाला. व्याकरण पार मोडलेलं होतं. तिने ते सुधारलं नाही.

ती बसने गेली नाही. लीथ वॉक या लांबलचक रस्त्याचा अख्खा चढ पायी चढली, इतकी भरभर, की लोक वाट देऊ लागले. घरी राजीव भाजी चिरत होता.

"मग? आता काय करणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली. कोट न काढताच तिने खिडकी उघडली, बंद केली आणि पुन्हा उघडली. "पण घरात नाही बसणार मी आता."