पंपदादांचा कान

पोहण्याच्या तलावामागच्या खोलीत दोन पंप होते: एक चालू, दुसरा सुट्या भागांसाठी उघडून ठेवलेला. शिवाय वाळूचे दोन फिल्टर, पाच व्हॉल्व्ह, तडकलेल्या काचेचा एक दाबमापक, एक स्टूल आणि तीन माणसं. चालू पंपातून बारीक, कर्कश शिट्टी येत होती. तिघांपैकी दोघांना ती ऐकू येत होती.

ज्यांना येत नव्हती ते पंपदादा. हा पंप त्यांनीच बसवला होता आणि तेव्हापासून त्याचा न्यायनिवाडा त्यांच्या कानावरच चालत आला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मग ते म्हणतील ते अंतिम. आधीच्या कुठल्याही मॅनेजरने त्यात तोंड घातलं नव्हतं, आणि आताचा तरुण मॅनेजरही हात बांधून उभा होता. पंप दुरुस्त करायचा की नवा आणायचा, हे आज ठरायचं होतं. सोमवारपासून शाळेची मुलं पोहायला शिकायला येणार होती. पंप मध्येच जळाला तर पाणी दोन-तीन दिवसांत हिरवं होतं आणि तलावाला कुलूप लागतं.

तिसऱ्या होत्या तिकीटकाकू. पंपदादांची बायको. खिडकी बंद करून त्या मुद्दाम आल्या होत्या आणि दारातच थांबल्या होत्या. आठवडाभर ही शिट्टी त्यांच्या खिडकीपर्यंत पोचत होती. पोरं तिकीट घेताना म्हणायची, "काकू, कुकर उतरवा."

पंपदादांनी डोळे उघडले. "बेअरिंग ठणठणीत आहे. पाणी अडवणारं सील गेलंय, तेवढं बदलतो. मग बरीच वर्षं बघायला नको."

"पण दादा, आवाज येतोय ना," मॅनेजर चाचरत म्हणाला. "शिट्टीसारखा."

"कुठली शिट्टी? नवी बायको करायची असली की जुनीचं घोरणंच तेवढं ऐकू येतं माणसाला."

मॅनेजर हसला. काकू हसल्या नाहीत.

लग्न झालं तेव्हा त्यांच्या सासूबाईंची तक्रार होती, की सुनेचं बोलणं ऐकायचं तर तिच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. आता काकूंना जेवायला वाढताना "मीठ हवंय का?" एवढं विचारायलाही छातीतून जोर लावावा लागे. हळू विचारलं तर पंपदादा म्हणत, पुटपुटू नकोस. जोराने विचारलं तर म्हणत, ओरडतेस काय, मी बहिरा आहे का? जिन्यातल्या बाया त्यांना जरा सबुरीनं घ्या म्हणून सांगत. बहीण फोनवर आधी हेच विचारायची, की भांडण चाललंय का, मग नंतर करते. डॉक्टरकडे चला म्हटलं की कानात मळ झालाय, एवढ्यावर विषय संपे. आणि इथे तलावावर कोणाला काही कळू नये म्हणून मॅनेजरचा प्रत्येक निरोप काकू स्वतः चालत पंपाच्या खोलीत नेत आणि त्यांच्या समोर, ओठ दिसतील असं उभं राहून सांगत. त्या पायपिटीचाही त्यांना आता संताप येत होता.

दादा म्हणतात तर दुरुस्तच करू, असं म्हणून मॅनेजरने मान डोलावली.

पंपदादांनी स्विच बंद केला. शिट्टी उतरत उतरत थांबली. खोली इतकी शांत झाली, की व्हॉल्व्हमधून गळणारा थेंब ऐकू येऊ लागला. पंपदादा दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि चिंधीने स्क्रूड्रायव्हर पुसू लागले.

काकू आत आल्या. त्यांच्या मागे दोन पावलांवर उभ्या राहिल्या.

"अहो, मी आजपासून घर सोडून चालले."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. कित्येक वर्षांनी त्या आपल्या मूळ आवाजात बोलल्या होत्या. मॅनेजरने गर्रकन मान वळवली. पंपदादा मूठ पुसत होते.

"परत यायची नाही."

"सील माझ्याकडे पडलंय एक," पंपदादा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत..." त्यांनी वर पाहिलं. मॅनेजर त्यांच्याकडे बघत नव्हता, त्यांच्या डोक्यावरून मागे बघत होता. ते वळले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मॅनेजरने काकूंकडे बोट केलं.

"काय म्हणाली ही?"

मॅनेजरने सांगितलं. पण एकेक शब्द तोडून, मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसं. पंपदादांचा चेहरा लाल झाला तो बायकोच्या वाक्याने नाही, त्या मोठ्या आवाजाने.

"चारचौघांत?" ते काकूंना म्हणाले. "घरी सांगता आलं नसतं?"

"घरी सांगितलं. घसा बसेपर्यंत सांगितलं. तुम्ही म्हणालात, पुटपुटू नकोस."

"म्हणून माझी लाज काढलीस?"

"आणि माझी निघाली ती? सगळा जिना मला भांडकुदळ म्हणतो. माझा आवाज असा नव्हता. तुम्हाला तरी आठवतो का, कसा होता?"

पंपदादांनी स्क्रूड्रायव्हर चिंधीसकट खाली ठेवला. ऐकू आलं होतं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पाना उचलला आणि मोटर उघडायला घेतली. बोल्ट असे पिळले, की मॅनेजर एक पाऊल मागे सरला. बेअरिंग काढून त्यांनी रॉकेलमध्ये धुतलं, बोटावर धरून फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं, या वेळी सावकाश. खरखर बोटाला लागत होती. मग ज्या खोबणीत बेअरिंग घट्ट बसायला हवं, त्यात ते परत ठेवून अंगठ्याने हलवून पाहिलं. ते डुगडुगलं. बेअरिंग नवं मिळतं, पण खोबणीच झिजून मोठी झाली होती. नवं बेअरिंगही तिथे टिकलं नसतं.

"नवा मागवा," पंपदादा कोणाकडेही न बघता म्हणाले.

मॅनेजरने विचारलं, पुन्हा तशाच मोठ्या आवाजात, की दादा, बसवाल ना तुम्हीच?

"नव्याबरोबर कंपनीचा माणूस येतो. पंपाचा आवाज आता तोच ऐकेल. आणि माझ्याशी बोलताना ओरडू नका."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घडी केलेल्या चिंधीसकट उचलला आणि उघड्या पंपाशेजारच्या सुट्या भागांच्या पेटीत ठेवून दिला.

काकू घर सोडून गेल्या नाहीत. पण घरात कोणी कोणाशी बोलेना. पंपदादांनी स्वतःच वाढून घेतलं, मीठ स्वतःच घेतलं. नवा पंप बसला, त्या दिवशी ते तलावावर गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून दारात उभे राहिले. कुठे निघालात, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांनीही चपला घातल्या आणि कुलूप लावलं. वाटेत दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालले.

कान तपासणाऱ्या मुलीने पंपदादांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर बसलेल्या काकूंना तिने समजावलं, की पंचवीस डेसिबलपर्यंतचा हळू आवाज ऐकू आला तर कान चांगला धरतात. जाड आवाज त्यांना बऱ्यापैकी येतात, आता बारीक आवाज देते, शिट्टीसारखा.

आत पंपदादांनी डोळे मिटले. मान किंचित तिरकी केली, मोटरपाशी करत तशीच.

मुलीने चकती फिरवली. तीस. चाळीस. अंगठा बटणावर तसाच होता. पन्नास. काकूंच्या तोंडाशी "अहो" आलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. साठ.

सत्तरला अंगठा हलला. मुलीने आकडा टिपला, तोच आवाज दुसऱ्या कानाला दिला, त्याचाही टिपला.

बारीक आवाज, चार हजार हर्ट्झ. उजवा कान, सत्तर डेसिबल. डावा कान, पंचाहत्तर.