चार बोटांची फट

ती सोफे दुरुस्त करायची. सोफा मधोमध बसला की गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "कापड सैल झालंय हो, जरा ओढून पिना मारून द्या." ती आधी सोफा उलटा करायची. खालचे पट्टे ढिले असतील, तर वरचं कापड कितीही ओढा, महिन्याभरात पुन्हा खड्डा. वीस वर्षं ती हे लोकांना समजावत आली होती. पण स्वतःच्या पोटाची वेळ आली तेव्हा तीही गिऱ्हाइकासारखंच बोलली.

"कातडी सैल झालीय, डॉक्टर. जुळ्या मुली झाल्या, आता चार वर्षांच्या आहेत. जास्तीचं कापा आणि शिवून टाका."

शेजारी तिची आई बसली होती. बालवाडीत बाई म्हणून तिची हयात गेली होती. ती म्हणाली, "मी सांगतेय हिला, एवढ्यासाठी कशाला पोट कापून घेतेस? बसमध्ये लोक उठून जागा देतात, तर बसावं गपचूप."

"परवा एकीनं विचारलं, कितवा महिना," ती म्हणाली. "नववा म्हणून सांगितलं आणि खिडकी मिळवली. पण घरी येऊन रडले. आणि ही कंबर! फोमचा गठ्ठा उचलला की मोडून येते."

डॉक्टरबाई हसल्या. "झोपा इथे. गुडघे मुडपा. आता हात न टेकता फक्त डोकं उचला."

तिनं डोकं उचललं तसा पोटाच्या मधोमध एक लांबट उंचवटा उभा राहिला. डॉक्टरांनी बेंबीच्या वर आडवी बोटं टेकवली. "एक, दोन, तीन, चार. तुमचा हात द्या."

तिची बोटं पहिल्या पेरापर्यंत आत गेली. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या टणक कडा लागल्या, मध्ये नुसतं मऊ. त्या मऊपणात बोटांखालून काहीतरी गुरगुरत पुढे सरकलं. तिनं हात झटकन मागे घेतला.

"हे काय?"

"तुमचं आतडं. सकाळचा नाश्ता पुढे चाललाय."

"इतक्या जवळ?"

"मधे स्नायू नाहीच ना." डॉक्टरांनी कागदावर दोन उभे पट्टे काढले आणि मध्ये एक अरुंद पट्टी. "हे पट्टे छातीपासून खाली येतात. ही पट्टी त्यांना जोडून धरते. आत दोघी वाढायला लागल्या, जागा पुरेना. मग पट्टी ताणली आणि पट्टे बाजूला सरकले."

"फाटली नाही?"

"नाही. ताणली, आणि परत आली नाही, इतकंच."

ती छताकडे बघत राहिली. रेक्झिन, मखमल, जाडं सुती, सगळी कापडं तिच्या हाताखालून गेली होती. दोघी मिळून पाच किलोंच्या होत्या, शिवाय पाणी. एवढ्या ताणाला टिकेल असं एकही कापड तिला आठवेना. पोटानं आपली शिवण सैल सोडून जागा करून दिली होती आणि धागा तुटू दिला नव्हता. आणि ती चार वर्षं त्याला 'लोंबतंय मेलं' म्हणत होती.

"मी लावू का हात?" आईनं विचारलं. तिनं बोटं ठेवली आणि स्वतःच एक ते चार मोजली.

डॉक्टर पुढे सांगू लागल्या. पट्टे जवळ ओढून शिवायचे, बेंबीखालची जास्तीची कातडी काढायची, वरची खाली आणायची.

"मग बेंबी खाली घसरणार?"

"नाही. ती आतून देठानं बांधलेली असते. ती जागेवरच राहते. कातडी तिच्यावरून खाली येते, मग तिच्यासाठी नवं भोक पाडतो."

"बटण!" ती उठूनच बसली. "बटणाच्या सोफ्यात असंच असतं! कापड बदललं तरी दोरा मागे लाकडाला बांधलेला."

"आता माझे प्रश्न. आणखी मूल हवंय?"

"दोघींनी एकदम येऊन कोटा संपवला."

"वजन?"

"दोन वर्षं तेवढंच."

"सिगारेट, तंबाखू?"

"तोंडात पिना धरते, तेवढंच व्यसन."

"मग नीट ऐका. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहील, कायमचा. काही महिने बधिरपणा. आठवडाभर वाकून चालाल. क्वचित जखम चिघळते, रक्ताची गुठळी होते. आणि सहा आठवडे जड उचलायचं नाही. मुलीसुद्धा नाही."

"मुलीसुद्धा?" तिचा चेहरा उतरला.

"घाई नाही. तीन महिने व्यायाम करा. त्यानं कंबर पुरेशी सुधारली तर कापावंही लागणार नाही."

व्यायाम सुरू झाला. आई आकडे मोजायची, मुली शेजारी आडव्या पडून पाय हलवायच्या. चाराची तीन बोटं झाली. कंबर थोडी हलकी झाली, पण फोमचा गठ्ठा काही पेलवेना. आणि सहा आठवडे मुलींना घ्यायचं नाही, हे तर त्याहून जड वाटत होतं. म्हणून तिनं दोन पायऱ्यांचं स्टूल केलं, वर फोम, त्यावर हिरवं रेक्झिन. उंच पलंगावर त्यांना स्वतः चढता यावं म्हणून.

सात मिनिटांनी मोठी असलेली थोरली दुसऱ्या दिवशीच चढली. धाकटी दोन्ही हात वर करून उभी राही. "उचल."

ती उचलायला वाकली की आई तिच्यावर ओरडायची, "हात मांडीखाली घाल बघू! अगं, तीच चढेल. आधी हे पाऊल, बाळा. मग ते. घसरलं? असू दे, पुन्हा."

असं बारा दिवस चाललं. तेराव्या सकाळी धाकटी एकटी चढली. धापा टाकत आपल्या आईजवळ बसली आणि तिच्या पोटात बोटं खुपसून म्हणाली, "मी इथे होते?"

"तू आणि ताई."

"बेंबीला लटकून?"

"तुमच्या बेंब्या हिला बांधलेल्या होत्या," आजी म्हणाली. "आणि हिची ही बेंबी मला."

"तुझी?"

"माझ्या आईला."

"आणि तिची?"

"तिच्या आईला."

"आणि तिची?"

चाळीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी आजी बोटांवर आया मोजू लागली. धाकटी वाट बघत होती.

त्याच आठवड्यात ती आईला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली.

"करायचं ठरलंय. महिना विचारणारी पुन्हा भेटली तर भेटू दे. मला गठ्ठा उचलायचाय. पट्टे आवळा, कापडाचं ओघानं होईल."

"आणि मुली?"

"दोघी चढतात."

"धाकटी उतरताना अजून रडते," आई म्हणाली. "तेवढं सहा आठवड्यांत मी शिकवीन. आणि डॉक्टर, ते बटण जागेवरच राहील ना?"

"जागेवरच."

ती आडवी झाली, डोकं उचललं आणि त्या फटीत स्वतःची बोटं ठेवली. खालून काहीतरी हळूच सरकत गेलं. या वेळी तिनं हात मागे घेतला नाही. डॉक्टर, कुठून कापायचं त्या खुणा करायचं पेन हातात धरून थांबून राहिल्या.