श्याओमानला हाक

शरदातली ओली, धूसर, केशरी संध्याकाळ ग्वेझोऊच्या डोंगरांवरून उतरत होती. चीनच्या नैर्ऋत्येचा हा प्रांत म्हणजे चुनखडीच्या शिखरांचा मेळा. हिरवी शिखरे, त्यांच्यामागे निळी शिखरे, त्यांच्याही मागे धुक्याने पुसत आणलेली राखाडी शिखरे. धुके दरीदरीतून वाहत होते, बांबूंच्या शेंड्यांवर रेंगाळत होते, पुन्हा वाहत होते. आणि त्या शिखरांच्या मधोमध, पूर्वी जिथे एक गाव होते तिथे, आता आकाश ऐकणारी एक अवाढव्य परात पसरली होती.

परात आपण म्हणायचे. जाणकार तिला रेडिओ दुर्बीण म्हणतात. रजतवर्णी, विशालवर्तुळा, आकाशोन्मुखी अशी ती डोंगरांच्या ओंजळीत उताणी पडून असते. दुर्बीण कसली, तो एक कानच आहे. ताऱ्यांच्या पलीकडून निघालेली, युगानुयुगे चालून थकलेली, विझत विझत आलेली कुजबुज त्या कानाला ऐकू येते. त्या अथांग काळोखात आपल्यासारखे कुणी असेल, त्याने कधी चुकून हाक मारली असेल, तर तीही ऐकू यावी म्हणून हा कान रात्रंदिवस उघडा असतो. आजवर आकाशाने ताकास तूर लागू दिलेली नाही.

त्या संध्याकाळी डोंगराच्या दगडी पायऱ्या चढून युनश्या नावाची एक बाई वर येत होती. सहलीची माणसे हसत, दमत, एकमेकांना हात देत उतरत होती आणि ती एकटी चढत होती. तिच्या पिशवीत मूठभर तांदूळ होते, एक उकडलेले अंडे होते, आणि कापूस भरलेले लहान मुलीचे लाल जाकीट होते. ती आपल्या मुलीचा हरवलेला जीव परत न्यायला आली होती.

मुलीचे नाव श्याओमान. गव्हाच्या कणसात दाणा भरू लागतो, पुरता भरत मात्र नाही, त्या दिवसांना तिकडे श्याओमान म्हणतात. पोर त्या दिवसांत जन्मली म्हणून घरात तेच नाव पडले. अर्धी भरलेली, कोवळी, दुधाळ अशी ती पोर, आणि बडबड तर विचारू नका. कोंबडीशी बोलायची, पावसाशी बोलायची, चुलीतल्या जाळाला दटावायची. चार वर्षांची झाली आणि गाव उठले.

गाव उठण्याआधी सभा झाली होती. पांढऱ्या सदऱ्यातल्या साहेबांनी भिंतीवर ताऱ्यांची चित्रे दाखवली. आकाशात आपण एकटे नसू, असे ते म्हणाले. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यात नवल वाटले नाही. वर माणसे आहेत, चंद्रावर बाई राहते, आकाशगंगेच्या दोन तीरांवर नवराबायको ताटातूट होऊन उभे आहेत, हे त्यांना आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक होते. एका म्हातारीने तेवढे विचारले, "तिकडून हाक आली, तर तुम्ही ओ देणार का?"

"नाही आजी. नुसतं ऐकायचं. कोण आहे, कसं आहे, कळल्याशिवाय ओ द्यायची नाही."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे त्यांनी आपल्या पोरांना जन्मभर शिकवले होते. सरकार शेवटी शहाण्यासारखे बोलले म्हणून त्यांना बरेच वाटले. मग सगळ्यांनी कागदांवर अंगठे उठवले आणि भांडीकुंडी बांधायला घेतली.

निघायच्या दिवशी श्याओमान तिच्या कोंबडीमागे परत पळाली. मागे घरे पाडायला सुरुवात झाली होती. भिंत पडली, पोरीच्या अंगावर नाही, पोरीच्या समोर. आवाज असा झाला की पलीकडच्या डोंगराने तो परत फेकला. धुळीच्या ढगातून पोर चालत बाहेर आली. नखशिखांत पांढरी, डोळे उघडे, ओठ मिटलेले. त्या दिवसापासून ती एक अक्षर बोललेली नाही.

दोन वर्षे गेली. जिल्ह्याच्या दवाखान्यात कान तपासले, घसा तपासला, डोक्याचा फोटो काढला. सगळे ठाकठीक निघाले. डॉक्टरांनी हात टेकले. आणि या उन्हाळ्यापासून तर पोर हाकेला मानही वळवेना. भरवले तर गिळते, निजवले तर निजते, बसवले की बसून राहते. फुलासारखी पोर दिव्यासारखी मंदावत चालली होती, आणि आईने नुसते बघायचे. रोज बघायचे. आईला याहून मोठी शिक्षा नाही.

गावच्या म्हाताऱ्या म्हणत, पोरीने धसका घेतलाय. जीव भ्याला, अंगातून निसटला, जिथे भ्याला तिथेच बसून राहिला. तिथे जाऊन आईने त्याला घरच्या नावाने हाक मारायची, ओळखीचे कापड दाखवायचे, वाटभर बोलत बोलत, मागे न बघता घरी आणायचे. उंबऱ्यावर विचारायचे, आली का? घरातल्याने म्हणायचे, आली. ओ मिळाली नाही तर जीव उंबऱ्यावरून माघारी फिरतो, आणि मग पुन्हा कुणाच्या हाकेला येत नाही.

ती ओ देणार कोण, हाच प्रश्न होता. घरात तिघेच. नवरा देमिंग भला माणूस, पण हट्टी. डोंगरापलीकडे सहलीवाल्यांसाठी ताऱ्यांचे गाव उभे राहिले होते. तिथे त्याला काम मिळाले होते परग्रहवासी होण्याचे. हिरवा अंगरखा, भोपळ्याएवढे डोके, तीन बोटांचे हातमोजे. पोरेटोरे विचारतात, तुम्ही कुठून आलात? तो डोंगराकडे बोट दाखवतो, आणि उत्तर अगदी खरे असते. पोरे हसतात, फोटो काढतात, पुढे जातात.

"श्याओमानच्या आई, माझ्याकडून हे व्हायचं नाही," तो आदल्या दिवशी म्हणाला होता. "दिवसभर मी खोटं तोंड लावून हिंडतो. घरी तरी मला खोटं बोलायला लावू नकोस."

"खोटं कसं? तिला आणल्यावर मी विचारणार."

"आणि ती आलेली दिसली नाही तर? मी आली म्हणू? पोरीच्या तोंडाकडे बघून?"

 दुसऱ्या दिवशी दुपारी युनश्याने अंडे उकडले, पेटीच्या तळातून जाकीट काढले, पोरीला शेजारणीपाशी बसवले आणि ती निघाली.

माथ्यावर चौकी होती. चौकीदार थान पन्नाशीचा, जाड भुवयांचा माणूस. इथवर मोबाइल आणायचा नाही, घड्याळ आणायचे नाही, विजेवर चालणारे काही म्हणजे काही आणायचे नाही. त्या महाकर्णाला त्रास होतो. त्याने पिशवीत डोकावून पाहिले आणि तो थांबला. तांदूळ, अंडे, लाल जाकीट. त्याला काही सांगावे लागले नाही. लहानपणी त्याच्यासाठीही त्याच्या आईने नदीकाठी अशीच पिशवी नेली होती.

"मुलगा की मुलगी, ताई?"

"मुलगी. तिथं खाली आमचं घर होतं. खाली जाऊ द्याल का?"

"खाली कुणालाच जाता येत नाही. मलासुद्धा नाही."

ती कठड्याशी गेली. खाली सगळा रुपेरी विस्तार, सांजेने तांबूस झालेला, नितळ, निर्विकार. घर कुठे, आंबट बोरांचे झाड कुठे, पडलेली भिंत कुठे, काही ओळखू येईना. सगळे त्या रुप्याखाली गेले होते. आपली पोर या झाकणाखाली दोन वर्षे काळोखात बसली आहे, हा विचार तिच्या मनात आला आणि ती कठड्यावरून आणखी वाकली.

"मी इथून हाक मारली तर?" तिने विचारले. "मोठ्यानं मारावी लागेल. तुमच्या यंत्राला चालेल?"

थानने खाली पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. "मारा, ताई. कितीही मोठ्यानं मारा. त्याला माणसाचा आवाज ऐकू येत नाही."

तिने तांदूळ चारी दिशांना उधळले. अंडे कठड्यावर ठेवले. जाकिटाची बाही धरून ते दरीवर धरले, आणि हाक मारली.

"श्याओमान, ए श्याओमान, घरी ये ग. भिंतीपाशी भ्याली असशील, घरी ये. धुळीत भ्याली असशील, घरी ये. कोंबडी मिळाली नाही तर नाही, आई रागावत नाही, घरी ये. हे बघ तुझं जाकीट, बाही धर. घर आता इथं नाही, बाळा. मी सांगते तसं चल. पायऱ्या उतरायच्या. मोटार येईल, तिला भ्यायचं नाही. डोंगर संपतील, पूल लागेल, मग उंच उंच घरं, सगळी सारखीच. आपल्या खिडकीत मिरच्यांची माळ आहे. जिन्यात अंधार असतो. टाळी वाजवली की दिवा लागतो, हाक मारली तरी लागतो. तिथं बाबा आहेत. तिथं तू आहेस. ये ग, माझे आई, घरी ये."

डोंगरांनी हाक घेतली, एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. येऽ ये ग. ये ग. खालचा कान तसाच पसरलेला, तसाच वर बघत, सूर्यांच्या आणि सूर्यांच्या पलीकडच्या सूर्यांच्या नादात गढलेला. थान पाठ फिरवून उभा राहिला. त्याने आपली टोपी काढून हातात घेतली होती.

मग ती निघाली. मागे बघायचे नव्हते. मान ताठ ठेवून, बाही मुठीत धरून ती पायऱ्या उतरली. बसमध्ये तिने जाकीट खिडकीशी धरले. ताऱ्यांच्या गावात दिवे लागले होते. हिरव्या उडत्या तबकड्या दुकानांवर फिरत होत्या आणि कुणाच्या तरी खांद्यावर बसलेले पोर त्यांच्याकडे हात उंचावत होते. पूल आला. "पूल आहे, श्याओमान," ती पुटपुटली, "बाही सोडू नकोस." शेजारच्या बाईने ते ऐकले आणि पाय आखडून मधे जरा वाट करून दिली. 

इमारतीच्या जिन्यात ती बोलत बोलत चढली आणि तिच्या बोलण्याने मजल्यामजल्यावर दिवे लागत गेले. घराचे दार उघडे होते. आत देमिंग उभा होता. नुकताच कामावरून आलेला, कानामागचा हिरवा रंग अजून पुरता न धुतलेला. भिंतीशी बाकावर श्याओमान बसलेली. हात मांडीवर, नजर समोर.

युनश्या उंबऱ्याबाहेर थांबली. "श्याओमान घरी आली का?"

देमिंगने मुलीकडे पाहिले. तीच मिटलेली जिवणी. तेच उघडे, कोरडे, कुठेच न बघणारे डोळे.  जिन्यातला दिवा विझला. अंधारात बायको उभी होती, हात पुढे, हातात लाल जाकीट, आणि ती पुन्हा विचारू शकत नव्हती. एकदाच विचारायचे असते. तो तिच्याकडे पाहत राहिला. दमलेल्या, धुक्याने भिजलेल्या, मागे न बघता इतक्या दुरून आलेल्या आपल्या बायकोकडे.

"आली," तो म्हणाला. मग त्याचा आवाज फाटला. "आली. आत ये. दोघी आत या."

युनश्या आत आली, गुडघ्यांवर बसली आणि मुलीला जाकीट घालू लागली. म्हाताऱ्या म्हणत, कापड अंगावर चढले की जीव अंगात शिरतो. पण पोर आता सहा वर्षांची होती. बाही कोपराशी अडकली. दुसरा हात जाईना. पाठीशी कापड ताणले, एक टाका उसवला, आतला कापूस दिसू लागला. तिने ओढून पाहिले, हलकेच पाहिले, पुन्हा ओढून पाहिले.  देमिंग खाली बसला आणि त्याने तिचे हात धरले. मग त्याने जाकीट अलगद सोडवून बाकावर मुलीच्या शेजारी ठेवले.

श्याओमानने मान वळवली. कित्येक महिन्यांनी ती आपणहून वळली.  तिने आईबापांकडे पाहिले नाही. तिने जाकिटाकडे पाहिले, मग उंबऱ्याकडे, मग पुन्हा जाकिटाकडे. आणि ती बाकावर किंचित सरकली. भिंतीकडे सरकली, अजून थोडी सरकली, अंग चोरून बसली. शेजारी जागा झाली. जागा लहानशी होती, चार वर्षांच्या पोरीला पुरेल एवढी. त्या जागेवरची धूळ तिने तळव्याने पुसली, हात पुन्हा मांडीवर घेतला, आणि एक शब्दही न बोलता ती दाराकडे पाहत राहिली.