बिनशिक्क्याची फ्रेम

माझ्या सायकलला कुणीतरी हात लावत होतं. कळलं ते सीटवरून. सीटचा दांडा फ्रेममध्ये किती खोल बसवायचा तिथं मी लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली होती, आणि त्या दिवशी ती रेघ अर्धी बुडालेली दिसली. सीट काय आपोआप खाली जात नाही. बोल्ट मी स्वतः टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून, सांगितलाय तेवढाच आवळला होता. म्हणजे कुणीतरी तो ढिला केला, सीट खाली घेतली आणि परत वर करताना थोडी चुकली. आईला विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, उंदीर असंल. उंदीर पाना घेऊन येतो का, म्हटलं. एरवी अशा बोलण्यावर ती खो खो हसते. त्या दिवशी तिने मानसुद्धा वर केली नाही, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरात मला संशयी म्हणतात. म्हणू देत. पण त्या सायकलमध्ये माझा जीव अडकला होता. रविवारी निवड चाचणी होती. खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळापर्यंत घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. त्यातून जिल्ह्याच्या संघात मुली घेणार होते, आणि पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीतून बाहेर पडणार होते. गेल्या वर्षी मी जुन्या लोखंडी धुडावर गेले. चढावर मागे पडले, ते भरून काढायला उतारावर सुसाट सुटले आणि वळणावर आपटले. खांद्याचं हाड मोडलं. यंदा मला अशी हलकी सायकल पाहिजे होती की चढावरच सगळ्यांना मागे टाकता येईल आणि उतारावर जीव पणाला लावायची वेळच येणार नाही.

नावाजलेल्या कंपनीची कार्बन फ्रेम आमच्या आवाक्यातली नव्हती. माझा आतेभाऊ कमलेश, त्याचं कर्जतला सायकलचं दुकान आहे, त्याने एक चीनवरून मागवून दिली. काळीकुट्ट, अंगावर एक अक्षर नाही. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेमा जिथं होतात तिथलीच ही, फक्त नाव लावलेलं नाही, असं कमलेश छातीठोकपणे म्हणाला. हे तो दर गिऱ्हाइकाला ऐकवत असणार, तरी मी घेतली. आई कर्जतच्या बाजारात भाजी विकते, तिच्या काट्यावर ठेवली तर किलोसुद्धा भरली नाही. मला आनंदाने नाचावंसं वाटलं.

बाबाने ती उलटीपालटी करून सगळीकडून बघितली. माझा बाबा, हिरू, आयुष्यभर रसायनीकडच्या एका कारखान्यात फिटर होता, आता घरी असतो आणि शेत बघतो. शिक्का कुठाय, त्याने विचारलं. त्यांच्याकडे म्हणे शिक्का नसलेला पाइप गेटातून आत येत नसे. नाव नाय त्या वस्तूला, उद्या मोडली तर धरशील कोणाला, म्हणाला. मोडायची नाही, मी म्हटलं. त्यावर तो जो गप्प झाला तो गप्पच. माझा बाबा भांडतो तेव्हा त्याची काळजी नसते. गप्प बसला की समजायचं, आत काहीतरी शिजतंय.

भाताच्या कणग्या ठेवतो त्या खोलीत मी सायकल बांधली. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी करून फ्रेम वाशाला टांगली. ब्रेकच्या नळ्या फ्रेमच्या आतून न्यायच्या असतात. त्यासाठी मासे पकडायच्या गळाचा दोरा एका भोकातून आत सोडायचा, दुसऱ्या भोकातून आकड्याने बाहेर काढायचा, आणि त्याला नळी बांधून ओढायची. दोरा आत गेला की हरवलाच समजा. नुसत्या शिव्या घालत बसले होते. हँडल, चाकं, गियर, एकेक वस्तू काट्यावर ठेवून मग लावली. सीटचा दांडा जरुरीपेक्षा लांब होता तो कापला, तेवढंच वजन कमी. सगळी बांधून झाल्यावर मी ती एका बोटावर तोलून दाखवली तर आईने हात जोडले, आणि बाबा उठून बाहेर गेला.

सराव मी घाटात जुन्याच सायकलवर करत होते. नवी फक्त आमच्या कडावपासून कर्जतपर्यंत, सपाट रस्त्यावर, सगळं नीट बसतंय का बघण्यापुरती काढायची. म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकली. ब्रेकचे पॅड झिजले होते. नवे कोरे पॅड, घाटाचं तोंड न बघितलेले, आणि कातरल्यासारखे बारीक झालेले. आता उंदीर पॅड खातो असं तर कोणी म्हणणार नाही.

पहिला संशय कमलेशवर गेला. त्याच्याकडे मी गियर नीट जुळवून घ्यायला सायकल एक दिवस ठेवली होती. नवे पॅड काढून जुने टाकले असतील, आणखी काय काय बदललं असेल देव जाणे. दुकानात गिऱ्हाइकांसमोरच त्याला झापलं. तो लाल झाला, पोरीची शपथ घ्यायला लागला. मग हळूच म्हणाला की सीट खाली घेतली असेल तर ती घेणारा तुझ्यापेक्षा ठेंगणा आहे, माझ्यापेक्षा तर केवढा तरी. कमलेश ताडमाड उंच आहे. मी तणतणत घरी आले, आणि रस्ताभर एकच डोक्यात होतं. आमच्या घरात माझ्यापेक्षा ठेंगणी माणसं दोनच. आईला सायकल येत नाही.

तरी खात्री पाहिजे. झोपायच्या आधी मी मागच्या चाकाच्या आरीपासून कणगीपर्यंत काळा शिवायचा दोरा बांधला. उठून बघितलं तर दोरा तुटला नव्हता, व्यवस्थित सोडून परत बांधला होता, आणि माझ्यापेक्षा चांगली गाठ मारली होती.

मग मी पाळत ठेवायला लागले. बाबा हल्ली उजाडायच्या आत फिरायला जात होता. इतकी वर्षं फिटरचं काम करून जो माणूस रिटायर झाल्यावर ओट्यावरून हलत नव्हता, त्याला एकाएकी फिरायचा नाद लागला. आल्यावर कंबरेला तेल चोळून घ्यायचा, आणि कुठवर गेला होतास विचारलं की म्हणायचा, हितंच. माझी पाठीवरची बॅग एकदा कपाटात वेगळ्याच जागी सापडली, आणि तिच्या शिवणीत तांदळाचे दाणे. आईला म्हटलं, माझ्या बॅगेत तांदूळ कशाला? म्हणे भागीला दिले भरून. भागी म्हणजे शेजारीण. तिच्या घरात आमच्यापेक्षा जास्त भात पिकतो. घरातली दोन्ही माणसं माझ्या तोंडावर खोटं बोलत होती आणि का, ते कळत नव्हतं. मला रडायलाच आलं.

एका संध्याकाळी कामावरून लवकर आले. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बाबा सायकलपाशी उकिडवा बसला होता, हातात रुपयाचं नाणं. फ्रेमवर टक, टक, टक करत, कान लावून, एकेका पाइपावरून पुढे सरकत होता. एका ठिकाणी थांबला, परत वाजवलं, बोट फिरवलं. मी दारात उभी राहून बघत होते. कुठं घाव घातला तर मोडेल ती जागा हा शोधतोय, हे मला चक्क दिसत होतं. मला बघून त्याने नाणं मुठीत दाबलं.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. मला घरात कोंडून ठेवायचंय, तोंडाने नको म्हणायची हिंमत नाही म्हणून चोरून खिळखिळी करतोस, असं बरंच. सायकलला हात लावलास का, एवढं सरळ विचारलं. नाय, म्हणाला, आणि नाक खाजवलं. खोटं बोलताना तो नाक खाजवतो, हे आमच्या अख्ख्या भावकीला माहीत आहे. त्याच संध्याकाळी मी कर्जतहून कुलूप आणलं, दाराला ठोकलं आणि किल्ली गळ्यात घातली. बाबाने त्या कुलपाकडे नुसतं बघितलं. त्याने किल्ली मागितली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी उठले तर कुलूप जागच्या जागी लागलेलं, आणि दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. फिटरने बिजागऱ्यांच्या सळ्या काढून फडक्यावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. सायकल नव्हती. चाचणी उद्यावर, आणि सायकल नव्हती. मी आईला धरून गदागदा हलवलं. ती चुलीपुढे बसून होती. म्हणाली, मोरूच्या टेंपोत टाकून घाटात नेली असंल गं, रोज तिकडंच नेतो. मला शपथ घातली व्हती त्यानं.

मोरू रोज पहाटे गावातून खोपोलीवरून वर खंडाळ्याला दूध पोचवतो. मी शेजाऱ्याची स्कूटी घेतली आणि निघाले. कर्जत मागे गेलं, पळसदरी गेलं, खोपोली गेली. डोक्यात नुसती आग. दरीत ढकलून येईल आणि चोरीला गेली म्हणेल, असं वाटत होतं. सख्ख्या बापाबद्दल असं वाटत होतं, खरं तेच सांगते.

घाट अर्धा चढले असेन. वरून एक पिवळं हेल्मेट येताना दिसलं. कारखान्यातलं, कामगार घालतात ते. त्याखाली बाबा. माझ्या सायकलवर, पाठीला माझी फुगलेली बॅग, सीट खाली घेतलेली, तोंड उघडं, डोळे वटारलेले, आणि मागे एक ट्रक कर्कश हॉर्न देतोय. रस्त्यात खड्डा होता. तो चुकवू शकला असता. त्याने चुकवला नाही, मुद्दाम त्यात घातली. सायकल उडाली, आपटली, डगमगली, परत सरळ झाली. मी किंचाळले. तो मला ओलांडून खाली गेला आणि बऱ्याच अंतरावर कठड्याला पाय टेकून थांबला.

मी स्कूटी टाकून पळत गेले. बाबा सायकलवरून उतरत नव्हता. उतरताच येत नव्हतं. बोटं ब्रेकला अशी आवळली होती की मला एकेक करून सोडवावी लागली. जन्मभर कामावर जायच्या काळ्या सायकलीपलीकडे याने काही चालवलं नव्हतं. त्याला खाली बसवलं, बॅग काढली. बॅगेत तांदळाचं पोतडं होतं.

हे काय चाललंय, मी विचारलं.

त्याला दम लागला होता. थांबत थांबत सांगितलं. कारखान्यात पाइपाची नवी लाइन टाकली की चालू करायच्या आधी तिला दीडपट दाब देऊन बघतात. नेहमीच्या दाबावर बघून उपयोग नाय. तांदूळ धरून तो माझ्या दीडपट भरतो, आईच्या काट्यावर बघून घेतलं होतं. नाण्याचा आवाज पहिल्यापासून कुठंच बद्द, तडा गेल्यासारखा, येत नव्हता, म्हणून मग रस्त्यावर आणली. आधी पळसदरीच्या उतारावर, मग घाटात.

मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं की हसायलाच लागले. म्हणजे माझ्यासाठी तपासत होतास तर, मी म्हटलं, आणि त्याच्या गळ्यात हात टाकणार तोच त्याने मान हलवली.

"नाय गं, समिधा. तुझा वहीम खरा हाय. ती फुटावी म्हणूनच मी नेत होतो. गेल्या साली तुला दवाखान्यात बघितली, तवापासून झोप नाय मला. उद्या तू हितनं सुटणार. म्हटलं, फुटायची हाय तर माझ्याखाली फुटू दे. रोज नेली, खड्ड्यात घातली, दाबून बघितली. फुटत नाय."

हेच तर मी इतके दिवस शोधत होते. पुरावा, कबुली, सगळं आता माझ्या हातात होतं, आणि त्याचं काय करायचं मला कळेना. राग यायला पाहिजे होता. तो कुठं गेला होता कोण जाणे. वरून गाड्या येत होत्या, वळणावर हॉर्न देऊन खाली जात होत्या. कठड्याच्या पलीकडे दरी होती, आणि मी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

"आणि फुटली असती तर?" मी विचारलं. "तू खाली गेला असतास तर?"

बाबा हेल्मेटचा पट्टा सोडवत होता. त्याला तो जमत नव्हता. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत त्याने माझ्याकडे बघितलं.

"मंग तू उद्या घरी राहिली असतीस," तो म्हणाला.